विचारणारा राखणदार

आमच्या अब्बांना फुकट मिळणाऱ्या वस्तूचा जन्मभर संशय. लग्नात कुणी जास्तीचं आईस्क्रीम पुढं केलं तरी विचारणार, "का देतोस रे? वितळाय लागलंय काय?" त्यामुळे सूरजनं सीडी दाखवून "चाचा, ह्यातलं सगळं फुकट आहे" असं म्हटलं, तेव्हाच मला कळलं की आज हा बिचारा वेळेवर जेवत नाही.

सूरज आमच्या महाडलाच एसटी स्टँडसमोर कंप्युटरचे क्लास चालवायचा, राहायला बिरवाडीत. आमच्या घरचा कंप्युटर त्यानंच जोडून दिलेला. पैसे पाठवले माझ्या धाकट्या भावानं, राहीलनं, कुवेतहून. आणि ते मशीन अब्बांसाठी नव्हतं, माझ्यासाठी तर नव्हतंच, मी पोलादपूरला दिलेली. ते होतं अम्मीसाठी.

अम्मीला ऐकू येत नसे. एका तापात कान गेले ते गेलेच. ती ओठ बघून समजायची, पण सगळ्यांचे नाही. माझं निम्मं कळायचं, कारण मी भराभरा बोलते, आणि चिडले की आणखी भराभरा. राहीलचं मात्र सगळं कळायचं. लहानपणी तो तिची हनुवटी धरून आपल्याकडं वळवायचा आणि एकेक शब्द तोंड मोठं करून सांगायचा. "अम्मी. भूक. लागली." तीच सवय. मोठा झाला, मिशा आल्या, तरी तिच्याशी बोलताना तसाच.

आता सांगा, अशा बाईला फोनचा काय उपयोग? तो कुवेतला गेल्यावर फोन यायचा, ती रिसीव्हर कानाला लावायची, आपलं आपलं बोलायची, "जेवतोस ना? डोक्याला तेल लाव," आणि अब्बांकडं देऊन टाकायची. तो तिकडून काय ओरडतोय ते तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. म्हणून हा कंप्युटर, वर तो छोटा कॅमेरा. शुक्रवारी राहीलला सुट्टी. जुम्याची नमाज झाली, अब्बा मशिदीतून आले, की अम्मी धुतलेली ओढणी घेऊन खुर्चीवर बसलेली. पडद्यावर राहील उगवायचा आणि तोंड मोठं करून म्हणायचा, "अम्मी. कशी. हायस?" ती हसत सुटायची. अहो, मी पोटची मुलगी, समोर बसलेली, पण माझ्याकडं कुणी बघेल तर शप्पथ.

मग एका शुक्रवारी राहीलच्या नावानं एक चित्र आलं. अब्बांनी कौतुकानं उघडलं आणि पडद्यावर नको ते उघडंनागडं. एक बंद करावं तर चार उघडतायत. अम्मीनं ओढणी तोंडावर घेतली. अब्बांनी पलंगावरची चादर ओढून पडद्यावर टाकली आणि वर पाय आपटत म्हणाले, "हे शिकला काय तिकडं जाऊन!"

"राहीलनं नाय पाठवलं, चाचा. व्हायरस आहे. त्याच्या नावानं आपोआप येतो," सूरज म्हणाला. म्हणून ती सीडी.

पहिला अँटीव्हायरस घातला, तो दर थोड्या वेळानं विकत घ्या, विकत घ्या म्हणायला लागला. अब्बा म्हणाले, "हा दारावरचा फेरीवाला झाला. काढ." दुसरा घातला तर मशीनच जड झालं. राहील बोलायला लागला की त्याचं तोंड अर्धं उघडं राहायचं आणि बऱ्याच वेळानं मिटायचं. अम्मी म्हणाली, "ह्यानं माझ्या पोराचे ओठ थांबतात. हा नको." तिसरा चालला. चोर पकडायचा आणि गप्प बसायचा. तो अम्मीनं पसंत केला म्हणायचं.

पण सूरज म्हणाला, "हा आत आलेला चोर पकडतो. दारावर पण कुणीतरी पाहिजे. त्याला फायरवॉल म्हणतात." फायरवॉल दोन होते, दोन्ही फुकट. एक गुपचूप आपल्या अकलेनं काम करणारा. दुसरा प्रत्येक गोष्ट विचारणारा. हा प्रोग्राम इंटरनेटवर जायचं म्हणतोय, सोडू का अडवू? खाली एक चौकट, तिच्यात खूण केली की दिलेलं उत्तर कायम लक्षात ठेवणार, परत विचारणार नाही.

"घरात पहिला बरा, चाचा. डोक्याला ताप नाय," सूरज म्हणाला.

"न विचारता दार उघडतो तो राखणदार कसला रे?" अब्बा म्हणाले. "इचारणारा घाल."

ह्यामागं वरंध घाट आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. अब्बांचा ट्रक होता. महाड, भोर, पुणे अशी आयुष्यभर फेरी. एकदा धुक्यात, वरंधच्या वर, एका माणसानं हात केला. म्हातारा वाटला, अब्बांनी गाडी थांबवली. झाडीतून आणखी तिघं निघाले. माल तर गेलाच, पण क्लीनर भैरूचा हात असा मोडला की परत सरळ झाला नाही. भैरू म्हणजे अब्बांना धाकट्या भावासारखा. त्यानंतर घाटात अनोळखी हातासाठी अब्बांनी गाडी थांबवली नाही. आम्हालाही हाच धडा. ओळखीचा चेहरा नाही ना? मग नाही. विषय संपला.

त्या फायरवॉलवर अब्बा जाम खूश. रिटायर झालेल्या माणसाला नाक्यावरची नोकरी मिळाली. चष्मा लावून बसायचे. चौकट उघडली की नाव मोठ्यानं वाचायचे, "कोण रे तू? कुठं निघालास? चल, माघारी फिर!" आणि अडवून खाली खूण करून टाकायचे. सूरजनं पहिल्याच दिवशी राहीलच्या बोलण्याचा प्रोग्राम आपल्या हातानं सोडून ठेवला होता, त्यामुळे शुक्रवार नीट चालले होते. आम्ही हसायचो. अम्मी तर म्हणायची, "तुझ्या अब्बांना आता जेवायला पण परवानगी काढून वाढते."

पुढं अम्मीच्या हृदयाचं दुखणं निघालं. पाय सुजायचे, चार पावलं चालली की धाप. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी काय ते समजले. राहील सुट्टीसाठी कंपनीत हातापाया पडत होता. त्यानं सूरजला फोन करून सांगितलं, त्या प्रोग्रामची नवीन आवृत्ती आली आहे, चित्र स्वच्छ दिसतं, अम्मीची नजर पण मंद झालीय, तेवढी टाक. सूरजनं येऊन टाकली. चालवून बघणार तोच लाईट गेली. "शुक्रवारी आपोआप चालू होईल, चाचा," असं सांगून तो क्लासवर गेला.

त्या शुक्रवारी राहील दिसला नाही. पुढच्याही नाही.

फोन यायचा. अब्बा ओरडायचे, "लाईन खराब हाय!" फोनवाल्यांचा माणूस बोलावला, त्यानं लाईन ठणठणीत असल्याचं सांगितलं. सूरज आला आणि सरळ बोलला, "चाचा, फायरवॉलला तुम्ही काय सांगितलंत ते बघू द्या." झालं! अब्बांच्या डोक्यात राख. "माझ्या घरात माझीच झडती? मी चोर अडवतो, घरचे नाय! नवीन काहीतरी घालून तूच बिघडवलंस. निघ!" मी मध्ये पडले, "बघू दे ना त्याला, अब्बा," तर म्हणाले, "तू पोलादपूरचं बघ." त्यांनी मशीनवर कापड टाकलं, आणि शुक्रवारी स्वतःच उघडणार, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. असा राग आला मला त्यांचा! आजही येतो.

अम्मीनं मात्र वेगळंच मनात घेतलं. मला जवळ ओढून म्हणाली, "फोन लागतो ना? मग तोंड का दाखवत नाय? त्याच्या चेहऱ्याला काय झालंय गो? भाजला काय? तुम्ही लपवताय माझ्यापासून." मी तोंड मोठं करून सांगितलं, काही झालं नाही, मशीन बिघडलंय. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि मान फिरवली. राहीलनं फोटो पाठवला. तो हातात घेऊन म्हणाली, "हा जुना हाय." नवाच होता. पण फोटोतले ओठ काही बोलत नव्हते, तिनं विश्वास ठेवायचा कशावर?

फोन आला की रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. "राहील, शुक्रवारी ये रे. कसाही असलास तरी ये. मी घाबरणार नाय." तिकडून तो काय म्हणत होता ते मला शेजारी उभी राहून ऐकू येत होतं. "अम्मी, मी येतो! अम्मी, मी बसलेला असतो!" रडत होता. तिनं रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाली, "काय पण बोलला नाय."

तेव्हा मी अब्बांना न विचारता सूरजला गाठलं. येत्या शुक्रवारी त्याच्या क्लासमधल्या मशीनवर राहीलला बोलवायचं. जिना होता, पण सूरज म्हणाला, "आपण खुर्चीत बसवून वर नेऊ, ताई." मी अम्मीला सांगितलं. तिनं निळी ओढणी धुवायला काढली. शुक्रवारी सकाळीच मिनिडोर रिक्षानं महाडला जायचं म्हणून मी पोराचे कपडे भरत होते, तर आदल्या दिवशी दुपारीच निरोप आला. मी पोचले तेव्हा ओढणी दोरीवर वाळत होती.

राहील मातीला पोचला नाही. चाळीसव्याला आला. वाळलेला, गाल बसलेले. घर भरलेलं असताना अब्बा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. माणसं पांगली तसं दारातल्या खुर्चीवर बसून सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बसून बसून गेली ती. तुला वेळ नाय झाला."

राहील आत आला, मशीनवरचं कापड काढलं. मी मागं उभी. त्यानं फायरवॉल उघडला. अडवलेल्यांत त्याचाच प्रोग्राम, लाल रंगात, पुढं कायमची खूण. नवीन आवृत्तीचं नाव थोडं वेगळं होतं, म्हणून राखणदारानं परत विचारलं होतं. आणि अब्बांनी अनोळखी नाव बघून तेच केलं होतं जे आयुष्यभर घाटात केलं.

माझ्या अंगाची लाही झाली. तशीच दाराकडं वळले, सगळं सगळं तोंडावर फेकायला. राहीलनं माझं मनगट धरलं. "नको, आपा."

"का नको? तुला बोलतायत! सगळ्या मोहल्ल्यात तुला बोलतायत!"

"बोलू दे. माझ्यावर चिडून जगतील ते. हे कळलं तर जगायचे नाय."

"काय झालेलं रे त्याला?" बाहेरून अब्बांनी विचारलं. आवाज एकदम म्हातारा.

राहीलनं पडद्याकडं बघतच उत्तर दिलं, "माझ्याकडचंच बिघडलेलं होतं, अब्बा. मीच तिकडं चुकीचं काहीतरी दाबलं. मला कळलं नाय."

"मी सांगत होतो ना!" अब्बा म्हणाले. आणि मग मोठ्यानं रडले, चाळीस दिवसांत पहिल्यांदा. मी तोंडात पदर कोंबून मोरीत जाऊन उभी राहिले.

परत जायच्या आधी राहीलनं विचारणारा काढून टाकला आणि दुसरा, गप्प बसणारा घातला. अब्बांनी विचारलं, "हा काय इचारत नाय?"

"तो तुम्हाला ओळखतो आता," राहील म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम महाडला गेले. अब्बा नमाजेहून आले, टोपी न काढता आपल्या जागी बसले. शेजारची अम्मीची खुर्ची कुणी हलवली नव्हती. पडद्यावर राहील आला, एकदम स्वच्छ, कपाळावरची लहानपणीची खोक सुद्धा दिसावी असा. त्यानं त्या खुर्चीकडं बघितलं. अब्बांनी पण बघितलं.

"बघ, लागलं ना?" अब्बा म्हणाले. "तेव्हा का नाय रे लावलंस असं? एकदा. एकदाच दिसला असतास तिला."

राहील थोडा पुढं सरकला. अब्बांचे कान अजून चांगले आहेत, त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं तोंड मोठं केलं आणि एकेक शब्द सांगितला, सवयीनं, जसा अम्मीला सांगायचा तसा.

"माझी. चूक. झाली. अब्बा."