पाचाच्या वरचे सगळे बेडूक

जावा या संगणकाच्या भाषेत ‘इफ-एल्स’ जमलं त्या दिवसापासून इरावतीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर, एवढं सांगितलं की यंत्र निमूट ऐकतं. घरात तिचं इतकं कोण ऐकत होतं? त्याच भरात तिनं नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाच्या नावनोंदणीचा प्रोग्रॅम करून द्यायचं कबूल केलं. पुण्यात इतिहास शिकवणाऱ्या बाईला इथे कुणी दारात उभं करत नव्हतं, आणि मंडळाचे अध्यक्ष अभिजित म्हणाले होते की काम नीट झालं तर त्यांच्या कंपनीत तिचं नाव पुढे करतील.

तिनं झोकात लिहिलं: वय पाचापेक्षा जास्त असेल तर बेडूकनाच, नाहीतर, सोळापेक्षा जास्त असेल तर नाटक, नाहीतर, साठापेक्षा जास्त असेल तर पहिल्या रांगेत खुर्ची. बटण दाबलं, सगळ्यांना ईमेल गेले आणि बाईसाहेब चहा टाकायला उठल्या.

चहाला उकळी फुटायच्या आत सासूबाई फोन घेऊन हजर. शामलाबाई, वय बहात्तर, मुलाकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. त्यांना निरोप होता की शनिवारी सरावाला हिरवा पोशाख घालून यावं. खुद्द अध्यक्षही बेडूक झाले होते. पाळण्यातली दोन बाळं तेवढी सुटली.

इरावतीचं धाबं दणाणलं. पण चूक लगेच उमगली. पहिली खरी अट सापडली की यंत्र पुढचं वाचतच नाही, आणि बहात्तर काय, पाचापेक्षा जास्तच. तिनं क्रम उलटा केला, साठ आधी, पाच शेवटी, आणि माफीचे ईमेल धाडले. नोकरी मात्र हातची गेली म्हणून ती सिंकपाशी उभी राहून मनसोक्त रडली.

शनिवारी ती अभिजितना तोंड दाखवायला हॉलवर गेली. दार उघडलं तर मंडळातले झाडून सगळे आजी-आजोबा मुलांमध्ये मिसळून उड्या मारत होते. कुणी हिरवा रेनकोट चढवलेला, कुणी सायकलच्या सीटचं हिरवं कव्हर डोक्यावर घातलेलं. सगळ्यांत पुढे सासूबाई, धापा टाकत.

“तुझा दुसरा ईमेल मी वाचलाच नाही असं समज,” त्या म्हणाल्या. “साठी उलटल्यापासून जो तो मला पहिल्या रांगेत नेऊन बसवतो. उड्या मारता का, असं कुणी विचारलं नव्हतं गं.”

इरावतीला हसू आवरेना आणि रडूही. तिनं तिथेच फरशीवर फतकल मारून लॅपटॉप उघडला, वयाच्या सगळ्या अटी पुसल्या आणि एकच ठेवली: नाचायचं असेल तर.

मागून घामाघूम अभिजित वाकून बघत होते. “अट बदलण्याआधी माणसांना बघितलंस,” ते म्हणाले. “आमच्या टीमला हेच शिकवता येत नाहीये मला. सोमवारी येशील?”

ती हो म्हणाली, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही, कारण सासूबाईंनी तिला दंडाला धरून बेडकांत ओढलं होतं.