पाहुण्यासाठी राखलेली वीज

साहेब, द्वारकाला उन्हाने मारलं असं तुम्ही संस्थेच्या कागदावर लिहिलंत, ते खोटं आहे. तुम्ही मारलंत. ऊन तर बिचारं गच्चीवर तुमच्या बत्तीस सोलर पॅनेलांवर बसून इमानाने वीज बनवत होतं.

आखातातल्या ह्या जलीब वस्तीतल्या त्या इमारतीत आम्ही बारा कुटुंबं राहतो, एका खोलीत एक. उन्हाळ्यात दुपारची वीज जायला लागली तेव्हा तुमची संस्था पुढे आली. गच्चीवर सोलर बसवू, वीज गेली तरी गरिबांचे एसी चालतील, म्हणाली. काम ज्या ठेकेदाराला मिळालं त्याच्याकडे शत्रुघ्न वायरमन होता, आणि राहायलाही त्याच इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. बायको द्वारका रात्री इस्पितळात सफाई करायची आणि दिवसा झोपायची. नवऱ्याच्या हातचं काम तिच्या डोक्यावर, मध्ये फक्त एक स्लॅब.

मे महिन्यात काम पुरं झालं. शत्रुघ्नने एकदा चालवून पाहिलं, बाराही खोल्यांत वीज खेळली. लगेच संस्थेचा निरोप आला, मोठे पाहुणे उद्घाटनाला येईपर्यंत चालू करू नका. पाहुणे तीनदा येणार होते. तीनदा आले नाहीत.

आता शत्रुघ्नची खोड ऐका. त्याचा बाप राजापूरकडचा सुतार. घर बांधून झालं तरी मालकाचं पाऊल आत पडेपर्यंत तो स्वतः टांगलेल्या झोपाळ्यावर टेकायचा नाही. पहिला मान मालकाचा. पोराच्या रक्तातही तेच. मेन स्विचच्या लोखंडी पेटीला त्याने कुलूप घातलं आणि फरवानियाला संस्थेच्या ऑफिसात जाऊन चावी टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

शेजारचा हारून, दापोलीचा, त्याला टोचायचा. "तुझा मालक तरी कोण रे? गच्ची घरवाल्याची, पैसा देणगीवाल्याचा, घाम आमचा. चावी आण नि वायच बटण दाब, पाहुण्याला काय वास येणाराय?"

शत्रुघ्न म्हणायचा, कामाला बट्टा लागतो. द्वारका हसायची. ह्यांना स्वर्गात नेलं तरी चपला हातात घेऊन दारातच उभे राहतील, आत या म्हणायची वाट बघत, असं ती हारूनच्या बायकोला, झरीनला, सांगायची.

जुलैत एका दुपारी साडेबाराला वीज गेली. शत्रुघ्न लांब एगैलाला दुसऱ्या साइटवर होता. भर उन्हात कामाला सरकारी बंदी, म्हणून पार्किंगच्या सावलीत आडवा झाला होता. झरीनचा फोन आला. द्वारका हाका मारून उठत नव्हती. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. झरीनने ओली चादर गुंडाळली, पण टाकीतलं पाणीच चटके देणारं. अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी गाड्यांत अडकलेली. हारूनने ऑफिसला फोन लावला. चावी ड्रॉवरमध्ये आहे, पण सही झाल्याशिवाय देता येत नाही, असं उत्तर मिळालं.

"पेटी फोड, हारून," शत्रुघ्न फोनवर म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, फोड."

हारूनने हातोडी घातली. पेटी फुटेना. वेल्डिंग शत्रुघ्नचं होतं, आणि त्याचं काम कच्चं कधीच नसतं.

अडीचला नेहमीची वीज आपणहून आली. एसी घरघरायला लागला. तोवर त्या खोलीत गार करायला कुणी उरलं नव्हतं.

शत्रुघ्न तिचा देह गावी पोचवून परत आला, तर उद्घाटन उरकलेलं. गच्चीवर फुलांच्या माळा वाळत होत्या. तो तसाच फरवानियाला गेला. संस्थेचे इंजिनिअर आलोकसाहेब, पुण्याचे, सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच सांगितलं की आम्ही फक्त थांबा म्हटलं होतं, कुलूप लावा म्हटलं नव्हतं.

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्याला महिनाभर झोप नव्हती. त्याने पाण्याला हात लावला नाही.

"कुलूप माझं," तो म्हणाला. "मरेपर्यंत माझंच. पण हारूनचा फोन आला तेव्हा चावी तुमच्याकडे होती, बाई जिवंत होती, आणि वर वीज तयार होती. सहीशिवाय देता येत नाही असं फोनवर कोण बोललं? त्या माणसाचं नाव सांगा. सांगेपर्यंत मी इथून उठत नाही."