मागे दोन टक

मित्रांनो, मिस्त्रींची बायको गेल्याचे कळले, तेव्हा मी त्यांच्याच टेबलावर होते. ते माझी नळी बसवत होते. फोन आला. मिस्त्री "बरं" एवढेच म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पुन्हा नळीला हात लावला, थोडी फिरवली, मग हात पुसले आणि टोपी विसरून निघून गेले.

मी एक जुनी, जड मशीनगन; मिस्त्री आमच्या तुकडीच्या बंदुका दुरुस्त करतात. मला उचलायला तिघे लागतात: एकाला नळी, एकाला धड, एकाला तिवई. हे वजन उगाच नाही. हलकी बंदूक झाडताना उसळते. मी ठाण मांडून बसते. एका पुलावर मी सकाळभर गोळ्या झाडत राहिले, म्हणून आमची तुकडी नदी ओलांडून सुखरूप परत आली. पलीकडेही माणसेच होती, हे मी विसरलेले नाही.

फार गोळ्या झाडल्या की नळी तापते. मग ती काढून दुसरी घालायची. पुरती आत फिरवायची, आणि मागे दोन टक. टक म्हणजे नळी फिरवताना होणारा आवाज. मागे कमी आली, तर मी अडखळते. जास्त आली, तर काडतूस आतच फुटते आणि मागे बसलेल्याच्या तोंडावर येते.

मी ज्या कारखान्यात घडले, तिथे मिस्त्रींची बायको तपासनीस होती. तेव्हा त्यांचे लग्न झाले नव्हते. मिस्त्री मला न्यायला आले, त्याच दिवशी तिने मला दुसऱ्यांदा नापास केले.

"बाई, केसभर तर फरक आहे," मिस्त्री म्हणाले.

"केस तुमचेच जळतील. आधीच किती उरलेत ते बघा."

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. वर्षभरात त्यांचे लग्न झाले. ती त्यांना नेहमी सांगायची, "नुसतं मोजू नका. गेज घाला." आणि मिस्त्री नळीमागची फट मापायची ती पट्टी घालायचे. गेज घालून झाल्याशिवाय त्यांनी माझ्यावर 'तयार' अशी चिठ्ठी कधी बांधली नाही.

ते घरी गेले, त्या दिवशी चिठ्ठी बांधली त्यांच्या कामातल्या जोडीदाराने. सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. नळी बसलेली दिसली, तेव्हा तो पुटपुटला, "वहिनी गेल्या. आता निदान मिस्त्रींचं काम तरी अडायला नको." मन चांगले होते त्याचे. गेज मात्र त्याने घातला नाही.

नवव्या दिवशी मिस्त्री कामावर आले. मी चांदमारीच्या मैदानावर होते. काडतुसांचा पट्टा चढवलेला, जवान खटक्यावर अंगठे ठेवून बसलेला. मिस्त्रींनी चिठ्ठी पाहिली. अक्षर त्यांचे नव्हते.

"अंगठे काढ."

"मिस्त्री, चिठ्ठी आहे की."

"चिठ्ठीला मोजता येतं का? ऊठ म्हणतो ना."

त्यांनी पट्टा उतरवला, मला रिकामी केले आणि गेज घातला. सैल. फट जास्त होती. मग नळी पुरती आत फिरवत त्यांनी टक मोजले. चार.

"फोनच्या आधी दोन, फोननंतर दोन," ते म्हणाले. "मीच केलं हे."

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुमचं एक काम हलकं होईल."

"झालं असतं. या जवानाचं डोकंही हलकं झालं असतं." मग गेज पुसत म्हणाले, "ती असती तर मला नापास केलं असतं."

"आणि मला?"

"तुला फाटकातूनच परत पाठवलं असतं."

जवान हसला. मिस्त्रींनी मला नीट बसवले, आणि मी अख्खा पट्टा एकदाही न अडखळता झाडला. एवढे मला येते.

मित्रांनो, दुःखात हात चुकतो, त्यात लाज नाही. पण कोणाचे काम उरकून द्यायचे असेल, तर त्याच्या कामावर चिठ्ठी बांधण्याआधी स्वतः तपासा. आता आमच्या चिठ्ठीवर दोन सह्या लागतात. एक मिस्त्रींची. दुसरीसाठी चष्मेवाल्याला गेज लावायला शिकवायचे आहे. तो रोज येऊन उभा राहतो. मिस्त्री गेज हातात घेतात, "नुसतं मोजू नका" इथवर येतात आणि रोज "उद्या" म्हणतात. शिकवणे अजून राहिले आहे.