कपाळावरची शाई

दोरा चिठ्ठीच्या भोकातून काही केल्या जाईना. भोक चांगलं मोठं होतं, दोऱ्याचं टोक तिनं तोंडात ओलं करून वळलंही होतं, तरी दर वेळी ते कडेला अडकून विसकटत होतं, आणि दोष दोऱ्याचा नाही, आपल्या बोटांचा आहे हे शारलीनला कळत होतं. टपालाच्या तिकिटाएवढी पांढरी चिठ्ठी. तिच्यावर पेन्सिलीनं काढलेला एकच आकडा: १. किती नीट काढलाय, तिला वाटलं, शाळेतल्या पोरीसारखा. मी काढला. माझ्या हातानं.

अशा तीन चिठ्ठ्या लिहायच्या होत्या आणि तेवढ्याला पाऊण तास गेला होता. डॉक्टर ब्रिजेट, संग्रहालयाची हाडांची तज्ज्ञ, सकाळी दारातूनच म्हणाली होती, "उद्या दातांचे नमुने घेताना घोळ नको व्हायला. तिघींच्या खोक्यांना आकडे बांधून ठेवशील ना?" घोळ नको व्हायला! शारलीन 'हो' म्हणाली. बावीस वर्षांच्या नोकरीत ती 'हो'च म्हणत आली होती, आणि ब्रिजेट बाई म्हणून वाईट नव्हती, जुन्या माणसांच्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढायची, आवाज आपोआप खाली आणायची. आपण कुणाला काय सांगतोय हे तिला बिचारीला काय ठाऊक?

खोली बिनखिडकीची, शहराबाहेरच्या कोठाराच्या पार मागे, बारा महिने सारखाच गारवा. शारलीन इथं पहिल्यांदा आली तेव्हा फळ्यांवर चारशेच्या वर खोकी होती — चारशे माणसं, कुणाची कवटी, कुणाची नुसती मांडी. मग एकेक करून त्यांचे लोक आले, पानांचा धूर केला, रडले, भांडलेही, आणि आपापली माणसं घेऊन गेले. अकरा जण राहिले. नोंदवही सांगत होती की यातले सहा खाडीकाठचे, म्हणजे शारलीनचेच लोक, आणि पाच वाळूच्या टेकड्यांपलीकडचे, दुसऱ्यांचे. प्रत्येकाचा आकडा वहीत होता... माणसांवर तो नव्हता. आणि परक्याला आपल्या मातीत पुरायचं नसतं. पुरलं तर तो वाट शोधत भटकत राहतो, त्याच्या माणसांची हाक तिथवर पोचत नाही, आणि शेजारी निजलेले आपलेही उठून बसतात. म्हणून खाडीकडचेही नेईनात आणि पलीकडचेही नेईनात. "शाई कच्ची असणार, उडून गेली असेल," असं तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. शारलीननंही.

शाई उडाली नव्हती. उडेल कशी? चांगली पक्की काळी शाई, वर व्हार्निशचा हात — शंभर वर्षं टिकावी म्हणूनच लावलेली, आणि टिकलेली. नोकरीचं पहिलं वर्ष, वय बावीस. वरून पत्र आलं की या फळीवरचे अकराही जण वसंतात घरी जाणार, आणि तिच्या अंगात आनंद मावेना. जुनी कुजकी खोकी तिनं स्वतः फेकली, नवी आणली, आत मऊ कापड घातलं, आणि एकेकाला उचलून ठेवताना तिला ते दिसलं, खरं म्हणजे रोजच दिसत होतं, पण त्या दिवशी पाहवेना... कपाळावर आकडा. भुवयांच्या वर, या कानापासून त्या कानापर्यंत, गुरांना डागतात तसा. असं घरी न्यायचं? हे कपाळ घेऊन मातीत जायचं, तिथं आईबाप भेटणार, ते विचारणार, हे काय लिहिलंय तुझ्यावर? मग तिनं नखांचा रंग काढायची बाटली आणली, कापूस आणला, आणि तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून, एकेकाचं कपाळ पुसलं. हळूच, लहान मुलाचं पुसावं तसं. बोलतही होती त्यांच्याशी, झालं हं, झालंच आता. आणि त्या आकड्यांकडे ती बघत नव्हती. मुद्दाम. आपली माणसं उकरून नेणाऱ्यांनी लिहिलेलं वाचायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. अकराव्याचं कपाळ स्वच्छ झालं तेव्हा ती भिंतीला टेकून रडली — सुखानं! केवढं सुख झालं होतं तिला.

पुढच्या आठवड्यात साहेब नोंदवही घेऊन आले. घरी जाणारे दोन वाटांनी जाणार होते, सहा इकडे, पाच तिकडे, आणि कोण कुठला हे त्या आकड्यावरच ठरणार होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आकडे कुठे गेले, हेही तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी स्वतःची समजूत घालून तिनं पहिलं वर्ष काढलं. नंतर नंतर तीही घालवेना.

दोरा गेला एकदाचा. तिनं पहिल्या खोक्याला गाठ मारली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अकरांत म्हाताऱ्या बायका तीन. त्यातली एक खाडीकाठचे वडीलधारे अंकल क्लेम यांच्या आजीची थोरली बहीण, एवढं नक्की होतं. पाद्र्यांच्या मिशनच्या कबरस्तानातून, पुरल्यावर तीन आठवड्यांच्या आत उकरून संग्रहालयात नेलेली, असं नोंदवहीतही होतं आणि अंकल क्लेमच्या आईनंही तेच सांगितलं होतं. तिचं नाव कुणी घेत नसे. गेलेल्याचं घेत नाहीत. अंकल क्लेम नुसतं 'ती' म्हणायचे, आणि ती म्हणजे कोण हे विचारावं लागत नसे. याच अंकल क्लेमनी शारलीनला इथं चिकटवली होती, "आपलं कुणीतरी आत हवं" म्हणून.

तिघींतली कोणती? ब्रिजेट म्हणायची, मुळाशी छेद घेऊन दात तपासला आणि अंकल क्लेमच्या थुंकीशी ताडला, तर कदाचित कळेल. आईच्या आईकडून चालत आलेलं रक्त आता त्यांच्या एकट्यात उरलंय, तेव्हा उशीर नको. आणि गेली कित्येक वर्षं अंकल क्लेम एकच उत्तर देत होते: "कापलंय तेवढं पुरे." पलीकडच्या लोकांनीही परवानगीचं पत्र धाडलं होतं, म्हातारा बधत नव्हता.

गेल्या महिन्यात त्यांनी निरोप पाठवला की येतो.

अकराच्या सुमाराला गाडी आली. आधी रोंडाचा आवाज आला, त्यांच्या थोरल्या मुलीचा, मग चाकांवरच्या प्राणवायूच्या नळकांड्याची खडखड, आणि मागून अंकल क्लेम, नाकात नळी, डोक्यावर तीच जुनी हॅट. केवढे वाळले होते!

"चल रे, चल," ते नळकांड्याला म्हणाले. "हे माझं नवं कुत्रं, शार. कुठं गेलं तरी पाठ सोडत नाही."

"कुत्रं बरं, निदान भुंकत तरी नाही," रोंडा म्हणाली. "भुंकायचं काम बाबाकडे. तीन तास गाडीत नुसतं हे चुकलं, ते चुकलं. आणि तू गं? काय ही दशा! इथले लोक जेवू घालत नाहीत का?" तिनं शिंपल्यांची बरणी शारलीनच्या हातात कोंबली. "व्हिनेगरमधल्या आहेत. एकटीनं खा, त्या डॉक्टरणीला देऊ नकोस."

"तिला दे थोड्या," अंकल क्लेम म्हणाले. "तिची काय चूक?"

शारलीन हसली. तिची काय चूक — मग कुणाची, अंकल? विचारा ना एकदा. एकदा तरी माझ्याकडे बघून विचारा.

ब्रिजेटनं कागद पुढे ठेवले, समजावून सांगितलं. हाडं ओल्या वाळूत होती, दहातून फार तर तीन वेळा काही हाती लागतं. लागलं तर एकीचंच, बाकीच्या दहांचं यातून काही कळणार नाही.

"भोक केवढं?"

"तांदळाच्या दाण्याएवढं."

"तिघींनाही?"

"तिघींनाही."

अंकल क्लेमनी पेन घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मग त्यावर लिही, की म्हातारा थकला म्हणून हो म्हणतोय. पटलं म्हणून नाही."

"त्याला रकाना नाहीये हो यात," ब्रिजेट ओशाळून म्हणाली.

"समासात लिही."

तिनं समासात लिहिलं. शब्द न शब्द लिहिला, त्यांना वाचून दाखवला, मग त्यांनी सही केली, आणि ती वाकडीतिकडी सही होत असताना शारलीन त्या हाताकडे बघत राहिली. याच हातानं टेबलावर मूठ आपटली होती, आपली माणसं परत मागताना, मंत्री समोर बसले होते तेव्हा, आणि सगळ्या खाडीला त्या मुठीचा अभिमान होता. ती मूठ मी उघडली. बाटलीभर रसायन आणि पाव किलो कापूस घेऊन.

मग त्यांना आत जायचं होतं. खोलीत तिनं खुर्ची दिली, तिन्ही खोकी टेबलावर ओळीनं मांडली, झाकणं काढली. चिठ्ठ्या त्यांनी पाहिल्या. पहिलीसमोर झुकून ते जुन्या भाषेत काहीतरी पुटपुटले, येत होती तेवढ्या, मोडक्या भाषेत. मग दुसरीसमोर तेच, मग तिसरीसमोर तेच. माफी मागत होते. कुणाची मागायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिघींची सारखीच. दुसरीसमोर त्यांनी थोडं जास्त थांबावं, असं शारलीनला आतून फार वाटलं. दुसरीचे डावीकडचे दात झिजलेले होते, टोपल्यांसाठी लव्हाळा दातात धरून सोलणाऱ्या बाईचे झिजतात तसे, आणि शारलीननं केव्हाच ठरवून टाकलं होतं की ती हीच. पुरावा काही नाही. पण रोज सकाळी दिवा लावल्यावर ती आधी हिच्याशी बोलायची. पाऊस, रस्ते, आईचं गुडघ्याचं दुखणं... घरी कुणाशी एवढं बोलणं होत नसे.

बाहेर मागच्या दाराशी पत्र्याच्या पिंपात निलगिरीचा ओला पाला धुमसत होता. इथून निघताना धुरातून जायचं, म्हणजे आतलं कुणी पाठोपाठ घरी येत नाही. रोंडा जाऊन गाडी वळवत होती. अंकल क्लेम नळकांडं लांब ठेवून, नळी काढून, धुरात उभे राहिले, खोकले, आणि शारलीनच्या तोंडून ते निघून गेलं. ठरवलं नव्हतं.

"अंकल क्लेम, शाई उडाली नव्हती. मी पुसली."

आणि मग थांबता येईना. सगळं सांगितलं, पत्र, कापूस, तीन दिवस, आकडे वाचायचे नाहीत असं ठरवलेलं तेसुद्धा. ते ऐकत होते. धूर डोळ्यांत जात होता तरी बाजूला झाले नाहीत.

"कपाळावर होता?"

"हो."

"मोठा?"

तिनं बोटानं स्वतःच्या कपाळावर दाखवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांनी श्वास गोळा केला. "मीही पुसला असता," ते म्हणाले. आणि मग, जरा विचार करून, "पण आधी कुठंतरी उतरवून घेतला असता बहुतेक."

आवाजात राग नव्हता. शिव्या द्या ना, तिला ओरडावंसं वाटलं, त्या मंत्र्यावर ओरडलात तसे ओरडा, बावीस वर्षं वाट बघतेय मी! पण रागवायलाही माणसात काही शिल्लक लागतं, आणि त्यांच्यात होतं-नव्हतं ते त्या सहीत गेलं होतं.

"उद्या तू धर तिघींना," नळी परत नाकात घालत ते म्हणाले. "परक्या हातात नको. आणि तिचं कळलं, तर तिची जागा उघडून ठेवलीय आम्ही मिशनवर. तीच, पूर्वीची. पोरांनी गेल्या आठवड्यात खणली. मला एवढं बघून जायचंय."

"बाबा, चला!" रोंडानं भोंगा वाजवला. "नाहीतर इथंच ठेवून घेतील तुम्हाला, खोकं घालून!"

ते हसले. खरंच हसले. गाडी फाटकाबाहेर गेली.

शारलीन आत आली. झाकणं लावायची होती, खोकी फळीवर ठेवायची होती. पहिली ठेवली. दुसरी उचलताना तिनं थांबून त्या झिजलेल्या दातांकडे पाहिलं आणि फळीवरची ती रिकामी जागा मनात आणून बघितली — ही मिशनवर, मातीत, आपल्या माणसांत. आणि इथं सकाळी दिवा लावल्यावर कुणी नाही. यासाठीच तर आपण सगळे जगलो, तिनं स्वतःला सांगितलं, हेच तर मागत होतो. पण मन हलेना. मनाला हे नको होतं. उद्या त्या दातात काहीच सापडू नये, असं तिला वाटलं, इतकं उघड, इतकं सरळ, की क्षणभर खोलीत दुसरंच कुणीतरी बोललं असावं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. छी! अंकल क्लेमच्यात उरलेत ते चार श्वास, ती उघडी जागा... तिनं सगळं पुन्हा मनासमोर आणलं, हॅट, नळी, सही. इच्छा हलली नाही. तिथंच होती, शांत, बऱ्याच वर्षांची असावी तशी, आणि खोकं छातीशी धरून शारलीन त्या इच्छेपासून तोंड फिरवायला जागा शोधत उभी राहिली.