माझ्या अंगावरची जाळी

मी एक जुना चिनी वाडगा आहे. टाळ्या वाजवू नका, मित्रांनो. जुनं होण्यात माझं काही कर्तृत्व नाही. पडलो नाही, एवढंच.

माझ्या जातीच्या भांड्यांना सेलाडॉन म्हणतात. शेवाळलेल्या पाण्याचा हिरवा रंग आणि अंगभर बारीक भेगांची जाळी. या भेगा फुटल्याच्या नाहीत. भट्टीतून निघाल्यावर आतली माती आणि वरची झिलई सारखी आकसत नाही, म्हणून झिलईला तडे जातात. माझ्या कुंभाराने ते मुद्दाम पाडले होते. मला उन्हात धरून तो हसला. ती एक शाबासकी मला शेकडो वर्षं पुरली.

किती घरं फिरलो ते सांगत बसत नाही. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे आलो, त्यांच्या सासूबाईंच्या हातून. मशीनशेजारी बसून मी पोटात बटणं सांभाळायचो. बाई न बघता हात घालायच्या आणि हवं तेच बटण काढायच्या. मला ते काम आवडायचं. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं.

मग जुन्या भांड्यांचा एक संग्राहक आला, कोटाचं अस्तर बदलून घ्यायला. मला पाहताच त्याचे डोळे माझ्यावरच खिळले. न विचारता बटणं टेबलावर ओतली, मला उलटं केलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, हा तर सगळा तडकलाय. भेगांत मळ बसलाय बघा. असली घाण घरात ठेवतात का?"

"सासूबाईंचा आहे हो."

"असू दे. मी टाकून देतो कुठेतरी. बदल्यात काचेचा नवा संच आणतो, कोट न्यायला येईन तेव्हा."

मित्रांनो, या माणसाने माझ्यासारखे चाळीस वाडगे कुलपात ठेवले आहेत. त्यांतून कुणी घोटभर पाणी पीत नाही. हातमोजे घालून तो त्यांना न्याहाळतो आणि त्याला प्रेम म्हणतो. तुरुंगाचा शिपाईही कैद्यांना रोज न्याहाळतो.

बाईंना मात्र 'घाण' हा शब्द लागला. टाकायचं भांडंसुद्धा मळकं बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. दीर कारखान्यात कामाला. त्याने गंज काढायचं ॲसिड आणलं.

"वहिनी, दुपारपर्यंत बुडवून ठेवा. आरशासारखा होतो की नाही बघा."

दुपारी मला बाहेर काढलं तेव्हा झिलई खरखरीत झाली होती आणि हिरव्याची राख. मला ओरडता येत नाही, हे तुम्हा माणसांच्या फार सोयीचं आहे.

संग्राहक काचेच्या संचाचं खोकं काखेत मारून आला. मला पाहताच त्याने खोकं टेबलावर टाकलं.

"हे काय केलंत?"

"धुतला. तुम्हीच म्हणालात ना, मळ बसलाय."

"अहो, तो मळ..." मळ नव्हता म्हणावं, तर स्वतःच खोटा ठरतो.

बाईंनी मशीन थांबवलं. "टाकूनच द्यायचा होता ना? मग तुमचा जीव का वरखाली होतोय?"

दीर म्हणाला, "साहेब, संच तरी ठेवून जा." संग्राहकाने खोकं उचललं आणि तो चालता झाला.

तो मला फुकटात लाटायला आला होता, हे बाईंना उमगलं. तेव्हापासून त्या रोज माझ्या अंगावर तेलाचं बोट फिरवतात. बाईंवर माझा राग नाही. त्या संग्राहकावर आहे, आणि तो मी सोडणार नाही.

दया नको, मित्रांनो. एवढंच करा. तुमच्या घरातल्या वस्तूला कुणी नावं ठेवली, तर ती घासायला घेऊ नका. आधी त्या माणसाचे डोळे बघा. ते वस्तूवरून हलत नसतील, तर त्याला दार दाखवा. झिलई एकदाच चढते.