स्क्रूवरची लाल रेघ

क्लेटन डॅडींची रायफल घेऊन माझ्याकडे आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डॅडी गेल्यावर लोकांनी ज्यांतून जेवण आणलं होतं ती परत करायची भांडी पडली होती. अंत्यविधीला तीन आठवडे होऊन गेले तरी ती माझ्याकडून पोचती झाली नव्हती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं.

"हे कुणाचं? मिसेस पिट्सचं?" त्याने एक काचेचं भांडं बाजूला सारलं. "तिला सांग, पुढच्या वेळी मीठ घाल म्हणावं."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

माझ्या धाकट्या भावाला आपण काय बोललो ते नेहमी बोलून झाल्यावर कळतं.

मॅगझिन त्याने ट्रकमध्येच काढून ठेवलं होतं. तरीही त्याने कडी मागे ओढली, आत बघितलं आणि रायफल माझ्याकडे वळवली. मीही बघितलं. रिकामी. दोघांनी बघितल्याशिवाय रायफल टेबलावर यायची नाही, हा डॅडींच्या घरातला नियम माझ्या घरातही तसाच चालत आलेला. मग त्याने ती भांड्यांच्या मधोमध आडवी ठेवली.

"खालचं शेत काल पुन्हा पेरलं," तो म्हणाला. "डुकरं शनिवारी मक्यात होती. भुईमुगाचा वास लागायला त्यांना दोन दिवस पुरतात. हिच्यावर दिवा बसवून दे."

रानडुकरं पेरलेल्या ओळीने चालत जातात आणि दाणा न दाणा उकरून खातात. सकाळी शेत बघावं तर आपल्याच पेरणीवर कुणी उलटा नांगर फिरवल्यासारखं दिसतं. म्हणून पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस आमच्याकडे रात्री कुणीतरी शेतावर असतंच. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ते कुणीतरी म्हणजे डॅडी होते.

दिवा बसवण्याचं काम मात्र पहिल्यापासून माझं. मी सहा वर्षांची असताना भुईमूग काढायच्या यंत्रात डॅडींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या जाड बोटांत बारीक स्क्रू राहत नसे. रायफलच्या नळीखाली दातेरी पट्टी असते, रेल म्हणतात तिला. दिव्याच्या पकडीचा आडवा दांडा रेलच्या खाचेत बसवायचा, दिवा पुढे ढकलून धरायचा आणि तसाच धरून दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळायचे. ढकलायला विसरलं तर पहिल्या गोळीच्या धक्क्याने दिवा हलतो. सगळं झालं की स्क्रूच्या डोक्यावरून खाली पकडीवर उतरणारी एक रेघ ओढायची. रेघ सलग आहे तोवर स्क्रू जागचा हललेला नाही. तुटली, तर तो फिरलेला आहे किंवा कुणीतरी फिरवलेला आहे.

पहिली रेघ मी दहा वर्षांची असताना ओढली, माझ्या नेलपॉलिशने. तेव्हा दिवे नव्हते, दुर्बिणीचे स्क्रू होते. पांढरा रंग संपला म्हणून डॅडी चिडले होते आणि मी माझी बाटली पुढे केली होती. त्यानंतर त्यांनी दुसरा रंग घरात आणला नाही. बाटली सुकली की स्वतः दुकानात जाऊन तीच लाल छटा आणायचे. दुकानातली बाई विचारायची, "मिस्टर लॉनी, हातांना की पायांना?" ते म्हणायचे, "मॅम, डुकरांसाठी."

"दिवा आहे कुठे पण?" क्लेटनने विचारलं. "मी आज ग्रेडीच्या दुकानात जाणारच होतो."

"इथे आहे. माझ्याकडे."

"तू आणलास? बरं केलंस." तो खुर्ची ओढून बसला. "मी गेलो असतो तर दोन शब्द जास्त बोललो असतो. पाच आठवडे, वर्ना! एक दिवा दुरुस्त करायला पाच आठवडे. त्याने वेळेवर दिला असता तर डॅडी माझ्या पोरांच्या टॉर्चवर शेतात गेले असते का? आणि अंत्यविधीला येऊन माझा हात धरून रडत होता. हिंमत बघ."

मी पुस्तकांच्या कपाटाकडे गेले. दुसऱ्या फळीवर, जाड कोशांच्या मागे, दिवा मोज्यात गुंडाळून ठेवलेला होता. माझी पाठ त्याच्याकडे होती. तेव्हाच सांगता आलं असतं.

मार्चमध्ये मिस्टर हॉलिस पिट्स वाचनालयात आले होते. मी तिथे काम करते, आणि ते उभ्या जन्मात वाचनालयात आलेले नव्हते. टोपी हातात धरून काउंटरपाशी उभे राहिले. "मिस वर्ना, तुमच्या डॅडींबद्दल बोलायचंय, पण मी बोललो असं व्हायला नको." त्यांची गाय कुंपण तोडून आमच्या मक्यात शिरली होती. ते तिला शोधायला गेले. डॅडींनी आवाज ऐकला आणि दिवा लावला. "मी ओरडलो, लॉनी, मी आहे, हॉलिस! दिवा हलला नाही. म्हणाले, कोण हॉलिस? चाळीस वर्षं शेजारी आहोत आम्ही. मी त्या उजेडात उभा होतो, मिस वर्ना, आणि तो दिवा कशावर बसवलाय ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मीच बसवला होता. हातातला टॉर्च कुणावरही धरता येतो. रायफलवरच्या दिव्याने काही बघायचं तर आधी त्यावर नळी रोखावी लागते.

डॅडींचं विसरणं तपासून डॉक्टरांनी घरातल्या बंदुका हलवायला सांगितलं. क्लेटन ऐकेना. "आज रायफल काढशील, उद्या ट्रकची किल्ली, परवा त्यांना खुर्चीला बांधून भरवशील. ते सत्तर वर्षं ती कोपऱ्यात बघून उठलेत." त्याचं अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्याकडे म्हाताऱ्याची रायफल काढून घेतली की पुढच्या रविवारपासून लोक त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात. म्हणून डॅडी केस कापायला गेले असताना मी फक्त दिवा काढला. रायफल कोपऱ्यात राहील, अंधार पडला की डॅडी घरात राहतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "लुकलुकत होता, ग्रेडीकडे दिलाय." ते म्हणाले, "हं."

मी दिवा टेबलावर ठेवला आणि रेलवरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. खाचांमध्ये काळा, ओशट चिकटा बसला होता, दिव्याच्या जागी अगदी.

"हे काय?"

"काय की," क्लेटन म्हणाला. "चहा दे की. आणि साखर घाल. जॉर्जियातली साखर संपली असेल तर तसं सांग."

मी त्याला बर्फ घातलेला चहा दिला, साखरेचा डबा पुढे सरकवला आणि कापसावर नेलपॉलिशचं रिमूव्हर घेऊन एकेक खाच पुसायला बसले. कापूस काळा होत होता. चिकट्यात कापडाचे बारीक धागे होते. चहा ढवळता ढवळता क्लेटनने फोन काढला.

"कुणाला करतोस?"

"ग्रेडीला. आता दिवा मिळालाय, तर भांडायला मोकळा आहे मी."

"क्लेटन, थांब."

"तू मध्ये पडू नकोस. तुला सगळ्यांचं चांगलंच दिसतं." फोन त्याने स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. घंटी माझ्या घरभर वाजली.

"क्लेटन, बाळा," ग्रेडीचा आवाज आला. ते आता पंचाहत्तरीचे असतील. "कसे आहात रे दोघं?"

"मिस्टर ग्रेडी, सर, मी एकच विचारतो. एका दिव्याला पाच आठवडे लागतात?"

"कुठला दिवा?"

"डॅडींचा. तुमच्याकडे होता तो."

पलीकडे दुकानाच्या दाराची घंटा वाजली, कुणीतरी आलं असावं. ग्रेडी त्याला थांबा म्हणाले. मग आवाज जवळ आला. "बाळा, तो दिवा माझ्याकडे कधी आलाच नाही. लॉनीही हेच विचारायला आला होता, ईस्टरच्या आदल्या दिवशी. मी सगळी फडताळं उघडून दाखवली त्याला. तो उभा राहिला जरा वेळ. मग म्हणाला, बरोबर, माझ्याच डोक्यातून गेलं, पोरीनं सांगितलं होतं कुठे ठेवलाय ते. आणि म्हणाला, मी आलो होतो असं कुणाला सांगू नकोस, उगीच म्हणतील म्हातारा विसरायला लागला. म्हणून मी बोललो नाही. काळ्या कापडी चिकटपट्टीचं एक रीळ घेऊन गेला."

क्लेटनने फोन कधी बंद केला ते मला कळलं नाही. माझ्या हातात काळा कापूस होता.

डॅडी सापडले ते शेताच्या कडेच्या चरात, सकाळी, मिस्टर हॉलिसनाच. रात्री अंधारात तोल जाऊन पडले होते, रायफल अंगाखाली होती. दहा पावलांवर एक छोटा टॉर्च पडला होता, माझ्या भाच्यांना दिलेला, आणि त्याच्याभोवती काळ्या पट्टीचं कडं होतं, एका बाजूने उसवलेलं. पकडायला बरं पडावं म्हणून गुंडाळली असेल, असं आम्ही तेव्हा म्हणालो होतो.

"वर्ना?"

"मी काढला होता," मी म्हणाले. "मार्चमध्ये. ग्रेडीकडे दिलाय असं त्यांना सांगितलं. तो त्या पुस्तकांच्या मागे होता."

"आणि मला?"

"तू रायफल काढू देत नव्हतास."

"म्हणून दिवा."

"म्हणून दिवा."

त्याने चहाचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "मरायच्या आधीच्या रविवारी मी त्यांना विचारलं होतं. ईस्टर होऊन गेला होता तेव्हा. म्हणाले, ग्रेडीकडेच आहे. घाई करू नकोस त्याला, बिचाऱ्याला एक सुटा भाग मिळत नाहीये." त्याला हसू आलं. "भाग मिळत नाहीये! चेहऱ्यावर जराही दिसू दिलं नाही गं त्यांनी." हसू थांबायला वेळ लागला, आणि थांबल्यावर तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्याच रविवारी जेवणानंतर मी भांडी विसळत असताना डॅडी माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. "दिवा आला की तूच बसव हं," म्हणाले. "दुसऱ्याच्या रेघेवर माझा भरवसा नाही." मी "हो, सर" म्हणाले आणि नळ सोडला. ते अजून काही वेळ तिथेच उभे होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, असं मला वाटलं होतं, आणि त्याचंच वाईट वाटून मी मागे वळले नव्हते.

"अंधारात गेला तो माणूस," क्लेटन म्हणाला. "डाव्या हाताने आणि तीन बोटांनी ती पट्टी रायफलला गुंडाळत बसला असेल."

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी शेतावर झोपलो असतो."

झोपला असता की नाही, ते मला माहीत नाही. त्यालाही नसावं.

"पुरं कर ते," तो म्हणाला.

मी उरलेल्या खाचा पुसल्या. दांडा खाचेत बसवला, दिवा पुढे ढकलून धरला आणि स्क्रू आवळायला घेतले, एक इकडचा, एक तिकडचा. जुन्या रेघेचे दोन तुकडे दोन्हीकडे शिल्लक होते, अर्धी स्क्रूवर, अर्धी पकडीवर. स्क्रू फिरत गेला तशी ती दोन टोकं एकमेकांजवळ आली. पहिल्याइतकाच घट्ट झाला असता तर जुळली असती. केसभर अंतर राहिलं. त्या केसभरासाठी मी आणखी जोर लावला, पण स्क्रू आणखी फिरेना. मग मी कापसाने दोन्ही तुकडे पुसले.

नेलपॉलिशची बाटली डॅडींच्या हत्यारांच्या खणातून मी आधीच आणून ठेवली होती. झाकण उघडायला कठीण गेलं. क्लेटनने हात पुढे केला, उघडून दिली, हात परत घेतला. मी रेघ ओढली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

तो उठला होता, टोपी घातली होती. रायफलकडे हात नेला आणि थांबला. रेघ वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हाही डॅडींचाच नियम. लहानपणी आम्ही दोघं दोन बाजूंना हनुवटी टेबलावर टेकून बसायचो आणि आधी कोण बोट लावतो यावरून मार खायचो.

तो बसला. टोपी काढली नाही.

बाहेर कुणाचातरी गवत कापायचा ट्रॅक्टर जात-येत होता. मी मिसेस पिट्सचं भांडं पुसलं, तिचं नाव खाली करून ठेवलं. क्लेटन रेघेकडे बघत होता. त्याने चहा सगळा पिऊन टाकला, तळाची न विरघळलेली साखर चमच्याने खाल्ली, जशी तो नेहमी खातो. मला त्याच्याशी बोलायचं होतं. मिस्टर हॉलिस उजेडात उभे राहिले होते ते सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर ते कारण दिल्यासारखं झालं असतं, आणि मी आज त्याला कारणं द्यायला बसले नव्हते. कधीतरी सांगेन.

तो रायफल घेऊन गेला की परत इथे कधी येईल, येईल की नाही, हे मला कळत नव्हतं. शेत त्याच्या नावावर होतं, डॅडींचं घर बंद होतं. आम्हाला एकमेकांकडे जाण्याचं दुसरं काही काम उरलं नव्हतं.

"वाळली का?" त्याने विचारलं.

मी वाकून बघितलं. ओली असताना ती चमकते, वाळली की किंचित काळपट पडते. मला "अजून नाही" म्हणायचं होतं.

"वाळली," मी म्हणाले.

त्याने कडी ओढली, आत बघितलं, रायफल माझ्याकडे वळवली. मी बघितलं. मग तो ती घेऊन गेला.