गोटीरामच्या हॉटेलातली खुर्ची

गोटीरामच्या हॉटेलात बाकंच बाकं. पाठ टेकता येईल अशी खुर्ची एकच, गल्ल्याशेजारी, पंख्याखाली. एकोणऐंशीच्या जूनपर्यंत तिच्यावर सावळीराम बसायचा.

मग कळवणहून वाल्मीक आला. दोघं एकाच कॉलेजात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पण सावळीरामचे विषय मराठी, हिंदी, इतिहास. वाल्मीकचे राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र. तिन्ही एकदम!

"म्हंजी सरकार, देव आन् पैसा, सगळं तुमच्याकडंच?" गोटीराम म्हणाला आणि फडक्यानं खुर्ची पुसायला लागला. सावळीराम तिच्यावर बसलेला असताना. "ऊठ की रं. माणूस उभा हाय."

तेव्हापासून सावळीराम बाकावर.

गिऱ्हाइकं विचारायची, "वाल्मीकभाऊ, दिल्लीचं सरकार टिकंल का?"

"टिकणं म्हणजे काय, ते आधी ठरवू," वाल्मीक म्हणायचा. माना डोलायच्या.

"पडणार! महिनाभरात पडणार!" सावळीराम बाकावरून ओरडायचा.

जुलैत सरकार खरंच पडलं.

"वाल्मीकभाऊ बोललेच होते," गोटीराम म्हणाला. सावळीराम अर्धी भजी बशीत टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या ऑफिसात. जुने तिन्ही विषय सोडले, वाल्मीकचे तिन्ही घेतले. क्लार्क लताबाईंनी चष्मा वर केला. "घरून जबरदस्ती आहे का रे, बाळा?"

"छे! आवड आहे."

संध्याकाळी छाती काढून तो हॉटेलात शिरला. "गोटीराम, आता मीपण सरकार, देव, पैसा!"

गोटीराम काही बोलायच्या आत वाल्मीक खुर्चीवरून उठला आणि त्यानं सावळीरामला मिठीच मारली. "सावळ्या, देवमाणूस आहेस! तत्त्वज्ञानाला मी एकटाच होतो रे. एकासाठी वर्ग चालवत नाहीत. उद्या विषय बंद होणार होता. मी ट्रंक भरून बसलो होतो, मालेगावला मामाच्या लूमवर कामाला जायला. धर, पेढा खा!"

म्हणजे एक दिवस! फक्त एक दिवस गप्प बसला असता तर! पेढा कोयनेलच्या गोळीसारखा कडू लागला.

पण खुर्ची रिकामी होती. सावळीराम झेपावला. तेवढ्यात दारातून तत्त्वज्ञान शिकवणारे कारभारी सर आत आले आणि तिच्यावर बसले.

"नोकरी वाचवलीस माझी," सर सावळीरामला म्हणाले. "पण दोन पोरांसाठी खोली देत नाहीत. म्हटलं, वर्ग इथंच भरवू. रोज चारला."

"भरवा की, सर," गोटीराम म्हणाला. "तीन वर्सं भरवा. खुर्ची तुमचीच."

सरांनी तिथल्या तिथं पहिला तास सुरू केला. "सांगा, ही खुर्ची खरंच आहे का?"

"आहे म्हणजे काय, ते आधी ठरवू," वाल्मीक म्हणाला.

"आहे, सर!" सावळीराम ओरडला. "आणि ती माझी होती!"

"माझी म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

सगळ्या हॉटेलानं माना डोलावल्या. गोटीराम फडकं घेऊन बाकाशी आला. "सावळीराम, सरक जरा इकडं. वाल्मीकभाऊंना टेकायला भिंत दे."